थिजणारा पडदा, पळणारा उंदीर

२०२५ च्या श्रावणात आमच्या घरचा कॉम्प्युटर थिजायला लागला. सरळ बंद पडला असता तर परवडले असते. बंद पडलेली वस्तू रिक्षात घालून दुकानात नेता येते. हा चालता चालता मध्येच थांबायचा. पडद्यावरची अक्षरे जागच्या जागी, कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे तसेच, आणि आपण की-बोर्डवर बोटे आपटत बसायचे. दोन मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी, काही घडलेच नाही अशा थाटात स्वारी पुन्हा सुरू व्हायची आणि मधल्या वेळात टाईप केलेली अक्षरे एकदम पडद्यावर येऊन पडायची. कधी दिवसातून चार वेळा, कधी चार-चार दिवस एकदाही नाही. ज्याला मुद्दाम बोलावून दाखवावे त्याच्यापुढे तर नाहीच नाही. दवाखान्याच्या पायरीवर पोचताच दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार.

त्याच सुमारास माऊसनेही रंग दाखवायला सुरुवात केली. बाण भलतीकडे जायचा. एकदा दाबले तर दोनदा दाबल्यासारखे व्हायचे, दोनदा दाबले तर काहीच व्हायचे नाही. माझ्या सासूबाईंचे माहेर बैलहोंगलकडचे, मी त्यांना अत्ती म्हणते. त्या माऊसला पहिल्या दिवसापासून 'इली' म्हणत आल्या आहेत. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध एवढाच की सकाळी त्याच्यावरचा रुमाल काढायचा आणि रात्री घालायचा. पण मामांजी टेबलाशी बसून पुटपुटायला लागले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "इली ओडि होतेन्री?" उंदीर पळाला का हो?

मामांजी म्हणजे माझे सासरे. वय शहात्तर, सारी नोकरी मराठी प्राथमिक शाळेत गेली. आमचे घर शहापुरात. आजच्या मुलांना शहापूर म्हणजे बेळगावातलाच एक भाग वाटतो, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा. मामांजींचे वडील हातमागावर लुगडी विणायचे. त्या मागाची, त्या गल्लीची, घरात मराठी आणि दारात कन्नड अशा त्या दिवसांची हकिकत मामांजी गेली चार वर्षे लिहीत आहेत. छापायची म्हणून नव्हे, नातवंडांनी वाचावी म्हणून. मजकूर मराठीत, पण त्यातली माणसे कन्नड बोलतात तिथे कन्नड, आणि तेही कन्नड लिपीतच, असा त्यांचा हट्ट. "देवनागरीत लिहिलं की त्या बोलण्याचा वास जातो की," म्हणतात. (हा लेख वाचून ते मला बोल लावणार, हे मी आत्ताच धरून चालले आहे.)

यासाठी ते बहात्तराव्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकले. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेली ही टंकलेखनाची पद्धत. डाव्या हाताशी स्वर, उजव्या हाताशी व्यंजने. गंमत अशी की मराठी 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड 'क'. लिपी बदलायची, बोट तेच ठेवायचे. मामांजींना याचे भारी कौतुक. "कळफलक करणाऱ्यांना हे कळलं, पुढाऱ्यांना कधी कळणार?" हे त्यांचे वाक्य घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकदा तरी ऐकलेले आहे.

तर गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी मामांजींचे 'माग' हे प्रकरण गायब झाले. बत्तीस पाने. फोल्डर उघडला तर बाकीची प्रकरणे जागेवर, हेच नाही. मामांजी काही बोलले नाहीत. नुसते उठून गॅलरीत जाऊन बसले.

संशय कोणावर येणार? घरात नववीतला मुलगा. त्याने कॉम्प्युटरवर दोन गेम घातलेले. यंत्र थिजायला लागले तेही त्यानंतरच, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले. "मी अज्जांच्या फोल्डरला हातसुद्धा लावत नाही," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. गेम काढून टाकले, पासवर्ड बदलला, वर चार शब्द सुनावले, त्यातला एक शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. आणि काय सांगू, तीन दिवस कॉम्प्युटर एकदाही थिजला नाही! मला वाटले, झाला पुरावा. चौथ्या दिवशी मुलगा गोकाकला आत्याकडे गेलेला असताना, भर दुपारी तीन वाजता पडदा पुन्हा थिजला. त्या क्षणी गोकाकला फोन करायला हवा होता. मी तो केला नाही.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची ही मोठी खोड. तो आपल्या मर्जीने येतो आणि आपल्या मर्जीने जातो. तुम्ही काहीही करा, त्यानंतर दोन-तीन दिवस तो फिरकला नाही की तुम्हाला वाटते आपल्याच उपायाने गेला. कितीतरी अंगारे-धुपारे याच हिशेबावर चालत आले असतील.

मग दुकानातून एक मुलगा आला. त्याने बूट न काढता निदान केले, "विंडोज खराब झालंय मॅडम, फॉर्मॅट मारूया." मामांजींच्या फाईली दुसऱ्या भागात हलवून त्याने विंडोज नव्याने घातले, सातशे रुपये घेतले. आठ दिवस यंत्र लोण्यासारखे चालले. नवव्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मी डबा उघडला. आत पंख्याच्या पात्यांमध्ये करड्या कापसाचा गोळा बसलेला. आमच्या भागात यंत्रमागांचे तंतू हवेत असतात, ते खिडकीतून येतात आणि पंखा ते ओढून घेतो. गोळा काढल्यावर यंत्राचा ताप उतरला, आवाज कमी झाला. थिजणे मात्र थांबले नाही. दुसरी म्हणजे डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून वायरमनला बोलावले. तो म्हणाला, या जुन्या घरात अर्थिंग नावालाच आहे. ते त्याने नीट करून दिले. थिजण्याचा त्याच्याशी संबंध निघाला नाही, पण ज्यांच्या घरी अशा झिणझिण्या येत असतील त्यांनी हे काम उद्यावर टाकू नये.

शेवटी मी आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या इन्स्ट्रक्टरना गाठले. शांत माणूस. माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि विचारले, "मॅडम, थिजतो म्हणजे नेमकं काय होतं?"

मी म्हटले, "थिजतो म्हणजे... थिजतो."

"बाण हलतो का त्या वेळी? कॅप्सलॉकची कळ दाबली तर तिचा दिवा लागतो-विझतो का? डब्यावरचा लहान दिवा लुकलुकतो, की एकसारखा पेटलेला असतो?"

वर्गात मुलांना 'नेमके उत्तर द्या' म्हणून दटावणारी मी, या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. त्यांनी समजावून सांगितले. बाणही हलत नाही आणि कॅप्सलॉकचा दिवाही दाद देत नाही, तर यंत्र मुळातूनच अडकले. मग मेमरी, वीज पुरवणारा डबा, मदरबोर्ड यांच्याकडे बघायचे. बाण हलतो, दिवा लागतो, पण काम पुढे सरकत नाही, तर यंत्राचा मेंदू जागा आहे, तो कशाची तरी वाट बघत बसला आहे. "वही घाला," ते म्हणाले. "तारीख, वेळ, काय चाललं होतं, काय दिसलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बरं कशानं झालं ते कळत नाही."

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा मामांजी कितीतरी दिवसांनी हसले. "मागावर दोरा तुटला तर माझे वडील धोटा थांबवून एकेक दोरा बोटानं चाचपायचे. सगळा ताणा सोडून परत भरत नव्हते की. तुझ्या त्या पोरानं सातशे रुपये घेऊन ताणाच सोडला."

वही घातली. परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या शिवून केलेली. गणपती आले-गेले तोवर थिजण्याच्या नऊ नोंदी झाल्या आणि नऊही एकसारख्या. बाण हलतो. कॅप्सलॉकचा दिवा लागतो. डब्यावरचा दिवा मात्र एकसारखा पेटलेला, आणि कान लावला तर आतून बारीक कट-कट.

इन्स्ट्रक्टर एका रविवारी घरी आले. विंडोज स्वतःची एक दैनंदिनी ठेवते, 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची, ती त्यांनी उघडली. वहीतल्या वेळा आणि तिथल्या वेळा जुळत गेल्या. जिथे जिथे मी 'थिजला' असे लिहिले होते, तिथे तिथे 'डिस्क' या नावापुढे १५३ क्रमांकाची सूचना होती. तिचा अर्थ, वाचायला सांगितलेला मजकूर पहिल्या फेरीत मिळाला नाही, पुन्हा प्रयत्न करावा लागला. दोन ठिकाणी ७ क्रमांक, म्हणजे डिस्कवरचा तेवढा तुकडाच खराब. मग त्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम चालवला. डिस्क धड असली की त्यात निळी पाटी येते. आमची पिवळी आली.

२०१४ ची हार्ड डिस्क. आत चकचकीत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर वाचणारा काटा तरंगत असतो. तबकडीवरचा एखादा ठिपका अशक्त झाला की काटा तिथे पुन्हा पुन्हा जाऊन वाचायचा प्रयत्न करतो. तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळत उभे. तेच आमचे थिजणे. वाचायची फाईल त्या ठिपक्यावर असेल तर थिजणार, नसेल तर नाही, म्हणून त्याला ना वेळ ना काळ. आणि फॉर्मॅटनंतरचे आठ दिवस? अशक्त ठिपक्यावर नव्याने लिहायची वेळ आली की डिस्क तो ठिपका सोडून देते आणि राखीव जागेतला दुसरा वापरते. जमीन सारवली की भेगा दिसत नाहीत, तसे. भेगा वाढायच्या त्या वाढतातच. अशा डिस्कवर मामांजींची चार वर्षे ठेवून आम्ही आठ दिवस निर्धास्त झोपलो होतो.

"आधी कॉपी, मग दुरुस्ती," इन्स्ट्रक्टर म्हणाले. मी त्याच संध्याकाळी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणली, मागच्या निळ्या यूएसबी खोबणीत घातली, आणि कॉपी सुरू करताच माऊस पिसाळला. बाण अडखळतोय काय, उडतोय काय, पडद्याच्या कडेला जाऊन थडकतोय काय. मला वाटले, संपले. यंत्र प्राण सोडते आहे आणि अज्जांची पाने अजून निम्मीच उतरली आहेत.

हा प्रकार मात्र अगदीच वेगळा निघाला, आणि तो पुष्कळांच्या घरी होत असेल म्हणून जरा सविस्तर सांगते. मामांजींची माऊसबद्दल तक्रार होती म्हणून मी मे महिन्यात बिनवायरचा माऊस आणला होता. त्याची नखाएवढी कळी मागे यूएसबीत खोचलेली असते, आणि माऊस तिच्याशी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी बोलतो. यूएसबी ३.० च्या खोबणीतून किंवा केबलमधून माहिती वेगाने वाहू लागली की तिथून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणच काढले होते. आमची माऊसची कळी आणि नव्या डिस्कची केबल अगदी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. शेजारी बँड वाजत असताना फोनवर बोलावे, तशी त्या माऊसची गत. उपाय काय, तर वीतभर लांबीची एक यूएसबी जोडवायर. तिच्या टोकाला कळी लावून ती टेबलावर पुढे आणून ठेवली. बाण जागच्या जागी शांत. डिस्कची केबल काढा, घाला, पुन्हा काढा, काही फरक नाही.

म्हणजे आम्ही ज्याला एक दुखणे समजत होतो ती दोन होती. थिजण्याचे कारण एक, बाण उडण्याचे दुसरे. निदान त्या रात्री मला तसे वाटले.

कॉपी चालू असताना गोकाकहून केव्हाच परतलेला मुलगा मागे उभा होता. त्याने शोधाच्या चौकटीत 'माग' एवढेच टाईप केले. फाईल होती! 'कारवार मे २०१९' या फोटोंच्या फोल्डरमध्ये, समुद्राच्या आणि नारळपाण्याच्या फोटोंमध्ये बत्तीसच्या बत्तीस पाने सुखरूप. तिथे गेली कशी? मुलगा म्हणाला, "आई, बघ." त्याने एका फाईलवर बाण ठेवला, कळ दाबली, आणि सोडायच्या आत हात जरासा हलवला. फाईल उघडली नाही, ओढली गेली आणि शेजारच्या फोल्डरवर पडून आत गडप झाली. "दोनदा दाबताना हात हलला की असं होतं. मी तुला त्या दिवशी हेच दाखवणार होतो. तू ऐकलं नाहीस की."

खंडेनवमीला आमच्याकडे अजून वडिलोपार्जित धोट्याची आणि फणीची पूजा होते. या वर्षी मामांजींनी कॉम्प्युटरच्या डब्यालाही हळदकुंकू लावले. त्याच्या पुढच्या आठवड्यात जुनी डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारी तबकडी नाही, काटा नाही. त्या दिवसापासून वहीत 'थिजला' अशी नोंद नाही. माझ्या हाताखाली माऊस मांजरासारखा गरीब. मुलाच्या हाताखालीही.

मामांजी मात्र म्हणतच राहिले, "बाण ऐकत नाही."

मी टेबलावरचा गुळगुळीत सनमायका झाकायला माऊसखाली कापडी चकती घातली. जुना वायरचा माऊस लावून बघितला. मग तिसरा, कॉलेजमधून आणलेला. एका वेळी एकच गोष्ट बदलत होते. इन्स्ट्रक्टरनी वही मागून घेतली, उलटसुलट चाळली आणि विचारले, "यात कोण बसलं होतं ते नाही लिहिलंत?"

रात्री बसून मी उजव्या बाजूला एक रेघ मारली आणि वर 'कोण' असे लिहिले. माऊसच्या नोंदींपैकी बाहेरची डिस्क जोडलेली असतानाच्या बाजूला काढल्या. सात उरल्या. सातही नोंदींपुढे एकच नाव आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटले, "मामांजी, मी जरा बसू का?" ते उठले. तोच माऊस, तीच फाईल, तेच टेबल. दोनदा दाबले, उघडली. बंद केली, पुन्हा दाबले, पुन्हा उघडली. मी मान वर करून पाहिले तर मामांजी माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मी उठून त्यांना जागा दिली. सगळे बदलून झाले होते, फक्त हात बदलायचा राहिला होता. आणि सुनेने सासऱ्याला ते कसे सांगायचे?

स्वयंपाकघरात गेले. अत्ती शेंगा सोलत होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "नंग गोत्तैती." मला माहीत आहे.

"काय माहीत आहे?"

"कै नडगाकत्ताव. वर्ष झालं की. कप मी अर्धाच भरते. बशी द्यायची बंद केली, पेल्यातनं चहा देते. लग्नाला गेलो की पंगतीत आमटी वाढून घेत नाहीत, बघितलं नाहीस? बँकेत सही जुळत नाही म्हणून कागद परत दिला, तेव्हापासून मलाही सोबत नेत नाहीत. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली त्यांनी मला."

मी त्यांच्याच घरात राहते. वर्षभर रोज सकाळी तो पेला माझ्यासमोरून गेला होता.

मामांजींच्या मनात काय होते ते पुढे कळले. त्यांच्या शाळेतल्या एका सोबत्याला कंपवात झाला होता, पार्किन्सन. त्याची शेवटची वर्षे त्यांनी जवळून पाहिली होती. आपल्यालाही तेच झाले असे धरून ते बसले होते, आणि तपासले नाही तर ठरणार नाही, असा काहीसा हिशेब. पुस्तक संपेपर्यंत कोणाला कळू द्यायचे नव्हते. माऊस खराब आहे, हे सगळे आपणहून म्हणत होते ते त्यांच्या पथ्यावरच पडले होते.

हुबळीहून शनिवारी येणाऱ्या आमच्या ह्यांनी त्यांना डॉक्टरकडे नेले, मीही गेले. डॉक्टरांची तपासणी बघताना मला इन्स्ट्रक्टरची आठवण झाली. हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले. हात स्थिर. पुढे ताठ धरायला सांगितले. थरथर सुरू. बोट नाकाला लावा, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओता, कागदावर उदबत्तीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल रेघ काढा. ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली. चालून दाखवा म्हणाले, काही ओळी लिहून घेतल्या. मग सांगितले, कंपवातात थरथर बहुधा हात निवांत असताना जास्त असते, अक्षर बारीक बारीक होत जाते, हालचाली मंदावतात. तुमचे उलटे आहे. निवांत असताना हात ठीक, काम करायला घेतले की हलतो, आणि अक्षर मोठे, नागमोडी. याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात, आणि तो कंपवातापेक्षा पुष्कळ जास्त लोकांना असतो. थायरॉईडसाठी रक्त तपासायला दिले. दम्याचा पंप किती वेळा घेता तेही विचारले, कारण त्यानेही हात थरथरू शकतो. यावर नेहमी देतात ते प्रोप्रानोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, म्हणून दुसरे औषध सुरू केले. थरथर कमी होईल, पूर्ण जाईल असे सांगत नाही, म्हणाले.

मग त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणाला होता का? हा पुष्कळदा वडिलांकडून मुलाकडे येतो."

मामांजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वडिलांना. माग त्यांनी त्यामुळेच सोडला. तुटलेला दोरा सांधता येईना."

'माग' हे प्रकरण मी वाचलेले आहे. त्यात लुगड्यांची मागणी घटली म्हणून माग विकला असे आहे. तेही खोटे नसेल.

कॉम्प्युटरचे बाकीचे काम मुलाने अर्ध्या तासात केले. माऊसच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग उतरवला. फाईल दोनदा दाबून उघडण्याऐवजी एकदाच दाबून उघडेल असे केले. ही सोय विंडोजमध्ये फोल्डरच्या पर्यायांत आहे, पण कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. 'फिल्टर कीज' सुरू केल्या, त्यामुळे थरथरत्या बोटाने एकच अक्षर दोन-तीनदा दाबले गेले तरी एकदाच उमटते. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे 'माऊस कीज'. डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबले की की-बोर्डच्या उजव्या बाजूचे आकडेच माऊसचे काम करतात. ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, मधला ५ म्हणजे दाबणे. माऊसला हात लावायची गरजच नाही.

त्याच रात्री मी मुलाजवळ जाऊन म्हटले, "त्या दिवशी मी चुकले." त्याने मान वर न करता विचारले, "मग गेम परत घालू?" मी हो म्हटले. पासवर्ड त्याला आधीपासूनच ठाऊक होता, असे नंतर समजले.

मामांजींना आकड्यांची सवय व्हायला चार-पाच दिवस लागले. बाण आता पडद्यावरून एका चालीने, बैलगाडीसारखा जातो. पहिल्या दिवशी अत्ती पदराला हात पुसत बघायला आल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इली ईग नडकोंत होंटैती." उंदीर आता चालत निघालाय. मामांजींना चहा पुन्हा कपातून मिळतो. अर्धाच. त्यावर आता कोणी काही बोलत नाही.

दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आणि आमचे २०१४ चे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यावा असे ह्यांचे म्हणणे आहे. मामांजी म्हणतात, पुस्तक होईपर्यंत यंत्र बदलायचे नाही. दोन प्रकरणे व्हायची होती, आता ती तीन झाली आहेत. 'माग' त्यांनी पुन्हा काढले आहे, आणि सध्या ते वडिलांनी माग सोडला त्या दिवसापाशी आले आहेत.